पाण्याखाली काय कापायचंय, ते आधी: डायव्हिंगसाठी सुरी, कात्री आणि लाइन कटर निवडताना

रेक डायव्हिंगचा कोर्स जूनमध्ये पूर्ण झाला. बुडालेल्या जहाजांवर मासेमारीचा तंगूस, जाळी, जुने दोर अडकून पडलेले असतात, म्हणून या कोर्सच्या सामानाच्या यादीत एक ओळ होती : 'कापण्याची साधनं, किमान दोन.' रेग्युलेटर, वेटसूट, मनगटावरचा डायव्ह कॉम्प्युटर कसा घ्यायचा याबद्दल वाचायला खूप मिळतं. या ओळीबद्दल मात्र मला सलग, नीट असं काही सापडलं नाही. जानेवारीपासून पुढचे काही महिने मी तिच्याच मागे होते. ज्यांच्या यादीत ही ओळ आत्ता आली आहे त्यांच्यासाठी सगळं क्रमाने लिहिते आहे.

अडकण्याची भीती मला पहिल्या डायव्हपासून आहे. नाव नोंदवताना हात आखडता घ्यावासा वाटला तो त्यामुळेच, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचे बरेच निर्णय त्या भीतीला उत्तर म्हणून घेतलेले आहेत.

जानेवारीत नोंदणीचे कागद आले. वैद्यकीय प्रश्नावली, आधीच्या प्रमाणपत्राची प्रत, लॉगबुकची पानं आणि सामानाचा तक्ता. तक्त्यात प्रत्येक वस्तूपुढे 'स्वतःचं' आणि 'भाड्याचं' असे दोन रकाने होते. कापण्याच्या साधनांपुढचा भाड्याचा रकाना खोडलेला होता. कोर्स घेणाऱ्या सरांना फोन करून विचारलं, तर ते म्हणाले, "ते तुमचंच हवं. हाताच्या सवयीचं." कोणती सुरी घेऊ, हा माझा पुढचा प्रश्न त्यांनी मध्येच थांबवला. "सुरीचं नंतर बघू. आधी काय काय कापावं लागेल ते लिहून आणा."

हा सल्ला मला सगळ्यात उपयोगी पडला. दुकानातल्या सुऱ्या बघत बसले असते तर मूठ आवडली, रंग आवडला यावरच गाडी अडली असती. यादी करायला बसल्यावर मात्र सुरीचा विचारच बदलत गेला.

यादीत पहिलं नाव तंगूसाचं. नायलॉनचा हा एकेरी धागा पाण्यापेक्षा जड असतो. तुटला की खाली जाऊन बसतो आणि कठड्यांना, शिड्यांना, प्रवाळाला वेटोळे घालून राहतो. दिसतो अगदी कमी. फ्लुरोकार्बनचा असेल तर आणखीनच कमी, कारण पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो ते सांगणारा आकडा) १.३३, फ्लुरोकार्बनचा साधारण १.४२ आणि नायलॉनचा १.५३ च्या आसपास. पाण्याच्या जितका जवळ, तितका धागा डोळ्याला हुलकावणी देणार. मग येते बारीक तंतू गुंफून केलेली पॉलिथिलीनची लाइन. ती पातळ असूनही चिवट असते आणि इतकी गुळगुळीत, की धारेवरून सटकते. पॉलिप्रॉपिलीनचा दोर पाण्यापेक्षा हलका, म्हणून त्याचं एक टोक जहाजात अडकलेलं असलं तर उरलेला दोर वर उभा राहतो आणि त्याचे फासे मध्येच तरंगत असतात. मग जाळी. गळाच्या आधी लावतात ती स्टीलची बारीक तार. आणि सरांनी यादी बघून दोन गोष्टी आणखी लिहायला लावल्या, ज्या माझ्या डोक्यातही नव्हत्या, कारण त्या आपल्याच अंगावर असतात. एक म्हणजे बीसीडीचा, म्हणजे हवा भरून तरंगणं सांभाळायच्या जाकिटाचा, पट्टा : बेशुद्ध डायव्हरचं सामान उतरवताना तो कापावा लागू शकतो. दुसरी म्हणजे सरफेस मार्कर बॉय (पृष्ठभागावर आपली जागा दाखवणारा फुगा) वर सोडतानाची रिळाची दोरी. रीळ अडलं आणि दोरी हातात गुंतली, तर हवेने फुगलेला बॉय माणसाला घेऊन वर निघतो. तेव्हा आधी रीळ सोडून द्यायचं. ते सुटत नसेल तर दोरी तोडायची, आणि त्यासाठी वेळ सेकंदांत असतो.

यादी संपली तेव्हा एक गोष्ट उघड झाली होती. हे सगळं कापणारं एकच हत्यार नाही.

फेब्रुवारी गेला तो पात्याचा धातू समजून घेण्यात. स्टेनलेस स्टीलही गंजतं. त्यात किमान १०.५ टक्के क्रोमियम असतं, त्याचा ऑक्साइडचा अतिशय पातळ थर पृष्ठभागावर बनतो आणि तो खालच्या लोखंडाला सांभाळतो. समुद्राच्या मिठातले क्लोराइड तो थर फोडतात. उघड्या हवेत थर पुन्हा धरतो. ओल्या म्यानात, जिथे ऑक्सिजन पोचत नाही, तिथे धरत नाही. म्हणून सुरीवरचे ठिपके बहुतेकदा म्यानाच्या आतल्या बाजूला सापडतात. ३०४ आणि ३१६ जातीचं स्टील गंजाला चांगलं तोंड देतं, पण ते फारसं कठीण करता येत नाही, धार लवकर जाते. ४२० जातीचं स्टील धार धरतं पण देखभाल मागतं. कार्बनऐवजी मुख्यतः नायट्रोजनच्या जोरावर कठीण होणारं एच-१ नावाचं स्टील समुद्रात जवळपास गंजतच नाही. टायटॅनियमही गंजत नाही, हलकं असतं आणि चुंबकाला दाद देत नाही, त्यामुळे कंपासजवळ बांधलं तरी अडचण नसते. पण त्याची धार चांगल्या स्टीलइतकी टिकत नाही आणि किंमत तशाच स्टीलच्या सुरीपेक्षा बरीच जास्त.

डायव्हिंगला येणाऱ्या बहुतेकांना पोटरीला बांधलेली मोठी, टोकदार सुरी डोळ्यांसमोर येते. मी ती पहिल्यांदाच बाद केली. टोकाचा उपयोग उचकटायला होतो, आणि मला काही उचकटायचं नव्हतं. घाईत स्वतःच्या सूटमध्ये, होजमध्ये (हवेच्या नळीत) किंवा बडीच्या, म्हणजे डायव्हमधल्या जोडीदाराच्या, हातात टोक जाण्याचा धोका मात्र दर वेळी असतो. शिवाय पोटरीच्या बाहेरच्या बाजूची लांब मूठ ही दोर अडकायला आयती जागा, आणि पाय धरला गेला असेल तर तिथपर्यंत हात पोचेलच याचा भरवसा नाही. बोथट टोकाची छोटी सुरी घ्यायची, हे तिथेच ठरलं.

फेब्रुवारीतच मी तीन वस्तू मागवल्या. बोथट टोकाची छोटी सुरी : एक कड सपाट धारेची, दुसरी दातेरी. रुग्णवाहिकेतले कर्मचारी कपडे कापायला वापरतात तशी वाकड्या पात्यांची कात्री. आणि इझीकट कंपनीचा ट्रायलोबाइट, म्हणजे खाचेत धागा घालून ओढायचा लाइन कटर, ज्याची दोन्ही पाती बदलता येतात. कात्री सगळ्यांत स्वस्त पडली, सुरी सगळ्यांत महाग. बारीक तारेसाठी साइड कटर माझ्या बडीकडे होता, तो तिने चाचणीपुरता दिला.

पार्सल मार्च उजाडल्यावर आलं. सुरी असल्यामुळे वेगळं घोषणापत्र भरावं लागलं, आणि घेताना ओळखपत्र दाखवून वयाचा पुरावा द्यावा लागला. मागवताना या दोन्ही गोष्टींचा वेळ धरून चाला. कोर्सच्या तोंडावर सुरी मागवण्यात अर्थ नाही. सवय व्हायलाच महिनाभर लागतो.

मार्चभर घरी कोरड्या चाचण्या केल्या. दोन खुर्च्यांमध्ये तंगूस, विणलेली लाइन, दोर आणि पट्ट्याचा तुकडा बांधायचा, एकदा ताठ आणि एकदा ढिला. हातात पाण्यात घालते तेच ५ मिलिमीटरचे ग्लोव्हज. आधी उघड्या डोळ्यांनी, मग डोळे बांधून, मग फक्त डाव्या हाताने.

ताठ तंगूसाला सुरीची सपाट धार लागली की तो तुटलाच. तोच तंगूस ढिला सोडला की सुरी त्याला नुसती पुढे ढकलत राहते. पातं आणि धागा बरोबरच सरकतात, कापलं काहीच जात नाही. दातेरी कडेला तंगूस अडकतो खरा, पण तिथेही दुसऱ्या हाताने ताण द्यावाच लागतो. जाड दोरावर मात्र दातेरी कड उत्तम चालते. लाइन कटर बारीक धाग्यांवर सगळ्यांत झटपट : खाचेत घातला, ओढला, संपलं. पण जाड दोर त्या खाचेत शिरतच नाही. कात्रीला ताण लागतच नाही. ढिलं असो की ताठ, पात्यांमध्ये आलं की तुटतं. आणि कात्रीच्या एका पात्याला बारीक दाते असल्यामुळे विणलेली लाइनही सटकत नाही. बीसीडीचा पट्टा दोन-तीन घासांत कापला गेला. तारेने मात्र कात्रीच्या पात्याला खाच पाडली; तार हे साइड कटरचंच काम.

ग्लोव्हजचा मुद्दा वाचून पटत नाही, करून बघावा लागतो. सुरीच्या म्यानाची कळ उघड्या बोटाला ठळक लागते, ग्लोव्हमधून तीच कळ आणि बाजूची कडा सारखीच वाटते. मी कळीवर रबराचा छोटा तुकडा चिकटवला आणि मग ती डोळे मिटूनही सापडू लागली. कात्रीच्या अंगठ्याच्या कड्यात ग्लोव्हसकट अंगठा जेमतेम जात होता, म्हणून मोठ्या कड्यांची कात्री बदलून घेतली. दुकानदाराने बदलून दिली, फक्त परतीचं पोस्टेज मला पडलं. घेतानाच ग्लोव्ह घालून बघता आलं तर तेवढं वाचेल.

एप्रिलमध्ये स्विमिंग पूल. पाती घेऊन पाण्यात उतरायला पूलच्या व्यवस्थापनाने आधी नकार दिला. त्यांचं बरोबर होतं. पाणी सार्वजनिक, आत मुलं. सरांनी लेखी अर्ज केला : कोणती साधनं, किती, कोणाच्या देखरेखीखाली, आणि कापलेला प्रत्येक तुकडा बाहेर काढण्याची हमी. उत्तर यायला पंधरवडा गेला. परवानगी मिळाली ती शेवटच्या सत्राची, पूल रिकामा झाल्यानंतरची.

घरी जमलेलं निम्मं पाण्यात वेगळं झालं. जमिनीवर आपण पाय रोवून जोर लावतो. पाण्यात पाय कशातच रोवलेले नसतात, त्यामुळे दोर ओढला की आपणच दोराकडे ओढले जातो. सुरी करवतीसारखी मागे-पुढे केली की अख्खं शरीर डुलतं. उपाय असा : मोकळ्या हाताने दोर कापायच्या जागेच्या अगदी जवळ धरायचा, वीतभर भागातच ताण निर्माण करायचा आणि पातं स्वतःपासून दूर न्यायचं. कात्रीला हे सव्यापसव्य लागत नाही, आणि तिथेच माझं मन कात्रीच्या बाजूने झुकलं. आज मला कोणी एकच साधन घ्यायला सांगितलं तर मी कात्री घेईन.

मग प्रश्न आला, काय कुठे बांधायचं? सरांचा नियम सोपा होता : प्रत्येक साधन छाती ते कंबर या पट्ट्यात हवं, आणि कोणताही एक हात अडकला तरी दुसऱ्याने निदान एक तरी काढता यायला हवं. आम्ही एकेक जागा करून पाहिली. सुरी शेवटी कमरेच्या पट्ट्यावर डावीकडे, बकलाजवळ आली. कात्री उजव्या बाजूला, छोट्या म्यानात. लाइन कटर आधी मनगटावर कॉम्प्युटरच्या पट्ट्याला लावून पाहिला. तिथून तो फक्त दुसऱ्याच हाताला मिळतो, म्हणून डाव्या खांद्याच्या पट्ट्यावर हलवला, जिथे दोन्ही हात पोचतात. साधन हातून निसटू नये म्हणून लांब दोरी बांधायची कल्पना मी सोडून दिली, ती दोरी स्वतःच गुंता करते. म्यान घट्ट असणं आणि एक साधन गेलं तरी दुसरं असणं, एवढ्यावर भागतं.

पूलमध्ये सरांनी एक सराव पुन्हा पुन्हा करून घेतला. अडकल्याची जाणीव झाली की थांबायचं. गिरकी घ्यायची नाही, पाय मारायचे नाहीत. प्रत्येक वळणाने धाग्याचा आणखी एक वेढा पडतो. श्वास. बडीला खूण. मग बोटांनी धागा चाचपत तो कुठून कुठे गेलाय ते शोधायचं, आणि जे कापणार ते खरोखर दोरच आहे याची बोटांनी खात्री करायची. पाठीमागे चाचपताना इन्फ्लेटरचा, म्हणजे बीसीडीत हवा भरायचा, होज हाताला लागतो, आणि घाबरलेल्या हाताला होज आणि दोर यांतला फरक चटकन कळत नाही. कापलेला तुकडा खिशात. तो तिथेच सोडला तर पुढच्या कोणाच्या तरी पायात, नाहीतर कासवाच्या मानेत जाणार.

मे महिन्यात प्रवासाची तयारी. विमानात सुरी केबिन बॅगेत चालत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. कात्रीचे नियम देशागणिक वेगळे आहेत : अमेरिकेत विमानतळावर तपासणी करणारी टीएसए ही संस्था पाती जोडणाऱ्या खिळीपासून ४ इंचांपेक्षा कमी पात्याची कात्री केबिनमध्ये चालवून घेते, पण तिथेही अंतिम निर्णय तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याचा. मी सगळंच चेक-इन बॅगेत टाकलं. पाती म्यानात, म्यान टॉवेलात, आणि वरच 'डायव्हिंगचं सामान' अशी छापील यादी, म्हणजे बॅग उघडणाऱ्याचा हात थेट पात्यावर पडू नये. बॅग उघडली गेली होती, हे नंतर आतल्या चिठ्ठीवरून कळलं. सगळं जागच्या जागी होतं.

पोचल्यावरचे नियमही आधी बघून ठेवा. मेक्सिकोतल्या कोझुमेलच्या सागरी उद्यानात डायव्हरने सुरी आणि ग्लोव्हज दोन्ही वापरायला बंदी आहे, प्रवाळाला कोणी हात लावू नये म्हणून. ब्रिटनमध्ये ३ इंचांपर्यंतच्या धारेची, लॉक न होणारी घडीची सुरी सोडली, तर सार्वजनिक ठिकाणी सुरी बाळगायला सबळ कारण लागतं. डायव्हला जाता-येता ते कारण असतं. आठवडाभर गाडीत पडून राहिलेल्या सुरीला नसतं. डायव्ह संपला की सुरी सामानाच्या बॅगेत, कमरेला नाही, ही सवय मी तेव्हापासून लावून घेतली.

जूनमध्ये कोर्स. बोटीवर बडी-चेक करताना आम्ही एकमेकींना आपापली साधनं हात लावून दाखवली आणि एकमेकींच्या म्यानातून काढूनही बघितली. हे कोणी सांगितलेलं नव्हतं, बडीच म्हणाली, "अगं, तुझी कात्री मला सापडली पाहिजे." शेवटच्या दिवशी १८ मीटरवर तेच कामाला आलं.

जहाजाच्या कठड्याखालून बाहेर येताना मला कोणीतरी मागून हलकेच धरल्यासारखं झालं. पुढे जाता येईना. आधी काहीच दिसलं नाही; मान वळवल्यावर उजेडाच्या एका विशिष्ट कोनात केसाएवढी चमकती रेघ दिसली आणि लगेच नाहीशी झाली. तंगूस टँकच्या व्हॉल्व्हला अडकला होता, जिथे माझा हात धड पोचत नाही. १८ मीटरवर दाब २.८ बार असतो, म्हणजे पृष्ठभागाच्या तुलनेत हवा तितक्याच पटीने लवकर संपते, आणि घाबरून श्वास वाढला की त्याहून लवकर. हे सगळं त्या क्षणी डोक्यात होतं. छातीत धडधडत होतं. मी थांबले, दिव्याने खूण केली आणि स्थिर राहिले. स्थिर राहणं हेच सगळ्यांत अवघड गेलं. बडी आली, तिने हाताने 'थांब' केलं, माझ्या उजव्या म्यानातून माझीच कात्री काढली. पाठीमागे दोन घास वाजले. मग तिने पुढे येऊन ओंजळीत गोळा केलेला धागा मला दाखवला आणि खिशात टाकला. हवेचं गेज पाहिलं, हवा पुरेशी होती. तरीही आम्ही डायव्ह तिथेच संपवून वर निघालो.

वर आल्यावर सरांनी विचारलं, तिने स्वतःची न काढता तुमची कात्री का काढली? बडी म्हणाली, "तिची हाताशी होती, आणि माझी मला मागे ठेवायची होती." पुढे तिच्यावर काही आलं असतं तर तिची साधनं जागच्या जागी राहिली असती. सरांनी हे बाकीच्यांना मुद्दाम सांगितलं.

एक गोष्ट कोर्समध्ये ठामपणे बजावली गेली, ती इथेही लिहिते. बुडालेल्या जहाजावर मोठं जाळं दिसलं तर ते कापायला जायचं नाही. सोडून दिलेली जाळी वर्षानुवर्षं मासे, खेकडे, कासवं मारत राहतात, जीव तुटतो बघून. पण कापलेलं जाळं हलतं, उचललं जातं, आणि कापणाऱ्यालाच गुंडाळू शकतं. त्यासाठी वेगळं प्रशिक्षण, लिफ्ट बॅग (हवा भरून वजन वर उचलणारी पिशवी) आणि पूर्ण गट लागतो. जागा टिपून ठेवावी आणि असं काम करणाऱ्यांना कळवावी. आपल्या कमरेवरची साधनं आपण आणि आपला बडी यांच्यापुरती आहेत.

देखभाल थोडक्यात. प्रत्येक डायव्हनंतर साधन म्यानातून बाहेर काढून दोन्ही वेगवेगळी गोड्या पाण्यात बुडवायची. म्यानात ठेवून धुतलं तर मीठ आतच राहतं. पूर्ण वाळल्यावर पात्यांना सिलिकॉन ग्रीसचा पुसटसा हात. कात्री सगळ्यांत आधी गंजते ती खिळीपाशी. सहलीहून परतल्यावर माझ्या कात्रीच्या खिळीभोवती मोहरीएवढा तपकिरी ठिपका होता. तो घासून काढला, तेल दिलं, आता ती मोकळी चालते. जड चालायला लागली की मी ती सरळ बदलणार आहे, ती स्वस्त आहे त्याचा फायदा हाच. लाइन कटरची पाती वापरून झाली की बदलायची. बोथट झाल्याचं बघून कळत नाही, म्हणून मी प्रत्येक सहलीआधी तंगूसाच्या तुकड्यावर एक ओढ घेऊन बघते. म्यानाचे रबरी पट्टे उन्हात तडकतात, तेही ताणून बघावेत.

सामानाच्या तक्त्यावर त्या ओळीपुढे 'स्वतःचं' या रकान्यात आता तीन वस्तू लिहिल्या आहेत. साइड कटर बडीचा बडीला परत केलाय. पुढच्या हंगामात आम्ही जिथे जाणार आहोत तिथे तारेचे गळ खूप असतात म्हणे, त्यामुळे तो तिच्या खिशात असेलच. माझ्यासाठी वेगळा घ्यायचा की नाही, ते तिथल्या बोटवाल्यांशी बोलून ठरवेन.